दांड्यातून श्वास घेणारं इंजिन

छताचा पंखा पाहा. दांडा जागच्या जागी, आणि पात्यांबरोबर पंख्याचं पोटही गरगरतं. सेगँ या फ्रेंच भावांनी १९०८ च्या सुमारास विमानासाठी बांधलेलं ग्नोम इंजिन तसंच होतं. क्रँकशाफ्ट विमानाच्या सांगाड्याला घट्ट बसवलेला. सात सिलिंडर मात्र पंख्यासकट मिनिटाला बाराशेच्या आसपास फेरे घ्यायचे. स्वतःच वारा खात असल्याने त्यांना पाणी नको, रेडिएटर नको. वजनात केवढी बचत! पण जे सतत फिरतंय त्याला हवेची नळी जोडायची कशी?

सेगँ बंधूंनी दांडाच पोकळ केला. हवा आणि पेट्रोल मागच्या टोकाने शाफ्टमध्ये शिरायचं, तिथून क्रँककेसमध्ये, आणि मग पिस्टनच्या माथ्यावरच्या झडपेतून सिलिंडरमध्ये. गरगरण्याच्या जोराने झडप भलत्या वेळी उघडू नये म्हणून तिला उलटी वजनं लावलेली. एवढं करूनही ती सतावायचीच.

१९१३ मध्ये आलेल्या ‘मोनोसुपाप’ने ती काढूनच टाकली. नावाचा अर्थच ‘एक झडप’. धूर बाहेर गेला तरी सिलिंडरच्या डोक्यावरची झडप थोडा वेळ उघडीच राहायची आणि तिच्यातूनच ताजी हवा आत यायची. झडप मिटली की खाली सरकणाऱ्या पिस्टनमुळे आत ओढ तयार व्हायची. तळाशी पोचता पोचता पिस्टन भिंतीतली भोकं उघडी करायचा आणि क्रँककेसमधलं मिश्रण आत धावायचं. ते पेट्रोलने इतकं दाट असायचं, की हवा मिसळल्याशिवाय पेटतच नसे. मला तरी याहून चलाख युक्ती त्या काळात दिसत नाही. ‘ल रोन’ या दुसऱ्या फिरत्या इंजिनाने सरळ रस्ता धरला: क्रँककेसपासून प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यापर्यंत तांब्याची नळी.

श्वास पोटातून घ्यायचा, तर पेट्रोल वंगण धुऊन नेणार. म्हणून एरंडेल; ते पेट्रोलमध्ये सहजी विरघळत नाही. एकदा वापरलेलं तेल परत टाकीत जात नसे, धुराबरोबर बाहेर उडायचं. वैमानिकाचा चष्मा तेलकट, नाकातोंडात एरंडेल आणि पोटाची जी व्हायची ती दशा. लहानपणी ज्यांना ते चमच्याने पाजलंय, त्यांना जास्त सांगायला नको.

रावळपिंडीचे हरदितसिंग मलिक १९१७ मध्ये ब्रिटिशांच्या २८ व्या स्क्वाड्रनमधून लढले, ते याच जातीच्या इंजिनाच्या सॉपविथ कॅमल विमानावर. कॅमलच्या दोन्ही कुशींतून एकेक आखूड नळी बाहेर डोकावताना दिसते. हवा घेण्याचं तोंड ते. कार्ब्युरेटर वैमानिकाच्या पायांपुढेच. उलटा भडका उडालाच, तर जाळ आत नको, बाहेर जावा.

हवा आणि पेट्रोल यांचा मेळ वैमानिकानेच हाताने जमवायचा, इंजिनाचा आवाज ऐकत. जमिनीवरून उठल्यावर लगेच पेट्रोल जरा कमी करावं लागे. नवशिका ते विसरला की इंजिन गुदमरायचं, आणि तेव्हा कॅमल जेमतेम झाडांच्या उंचीवर असायचं.