बुडबुडा नको

कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यूच्या व्हिस्मन भागात आपली कितीतरी मराठी मंडळी नोकरीला आहेत. तिथल्या फुटपाथमध्ये जागोजागी बोल्ट लावलेली लोखंडी झाकणं आहेत. त्यांच्याखाली निरीक्षण-विहिरी आहेत, हे कळल्यावर राहवेना. पाण्याचे नमुने घेणाऱ्या तंत्रज्ञासोबत एक सकाळ काढली.

इथल्या चिपच्या कारखान्यांत सुटे भाग धुवायला ट्रायक्लोरोएथिलीन नावाचं द्रावक रसायन वापरत. ते पाण्याच्या जवळपास दीडपट जड. सांडलं की भूजलातून थेट खाली उतरतं, चिकणमातीत मुरतं आणि तिथून वर्षानुवर्षं झिरपत राहतं. इथली गळती 1980च्या दशकाच्या सुरुवातीला उघडकीला आली. उपसा आणि शुद्धीकरण अजून चालूच आहे.

तंत्रज्ञाने विहिरीतल्या पाण्याची पातळी मोजली, पंप संथ लावला, आकडे स्थिरावू दिले. मग 40 मिलिलिटरची काचेची कुपी काठोकाठ भरली, झाकण लावलं, उलटी केली आणि बोटाने टिचकी मारली. मोहरीएवढा बुडबुडा वर सरकला. कुपी बाद! द्रावक त्या इवल्याशा हवेत निसटतो आणि प्रयोगशाळेत पाणी आहे त्यापेक्षा स्वच्छ ठरतं. त्याने दुसरी कुपी घेतली. पाणी नितळ, वासही नाही. पिण्याच्या पाण्यातली मर्यादा अब्जात पाच भाग. हा ‘पाच’ तो पुन्हा पुन्हा सांगत होता.

मला मात्र 1949 साल छळत होतं. त्या वर्षी लाइन आणि मॅकलाक्लन यांनी ‘द ॲनालिस्ट’ या नियतकालिकात इंग्लंडमधल्या याच द्रावकाने दूषित झालेल्या दोन विहिरींची हकिकत छापली. हे प्रदूषण दीर्घकाळ टिकेल, असं तेव्हाच बजावलं. तरीही पुढे कित्येक वर्षं उद्योगाची सूचनापत्रकं सांगत राहिली, की उरलेला द्रावक कोरड्या वाळूवर ओता, उडून जाईल. अमेरिकेत अब्जात पाचची मर्यादा ठरली 1987मध्ये. मधली 38 वर्षं! ‘तेव्हा कुणाला माहीतच नव्हतं’ हा बचाव मला पटत नाही. माहिती छापलेली होती, ती वाचून वागायची तयारी नव्हती.

या भागातलं उथळ भूजल कुणी पीत नाही. पण त्यातल्या द्रावकाची वाफ जमिनीतून वर येऊन इमारतीत शिरू शकते. तेव्हा इथे घर घेताना शाळा बघता, तसे पर्यावरण खात्याचे नकाशेही बघा आणि घरातली हवा तपासली आहे का, हे घरमालकाला स्पष्ट विचारा.