गाण्याचा पोशाख आणि दारावरची पाटी

बंगळूरच्या पूर्व भागातील इंदिरानगर ही मूळची निवांत बंगल्यांची वसाहत. आज तिच्या 100 फुटी रस्त्यावर दिवेलागणीनंतर मद्यगृहांची व नृत्यगृहांची दारे उघडतात, आणि त्यांतील पुष्कळ ठिकाणी एक सूचना आढळते : पुरुषांनी अर्धी विजार किंवा चपला घालून आत येऊ नये. आत वाजणाऱ्या संगीताशी ह्या सूचनेचा संबंध काय, असे कोणीही विचारील. संबंध आहे, परंतु तो बहुधा कालच्या संगीताशी असतो.

गाण्याने अंगावरचे वस्त्र बदलावे, हे मराठी माणसाला नवे नाही. 1911 साली ‘मानापमान’ रंगभूमीवर आले. बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिका पाहून घरी परतलेल्या स्त्रिया त्यांच्यासारखे लुगडे नेसू लागल्या, त्यांच्यासारखी फुले माळू लागल्या. नाट्यगृहाने पोशाखाचा कोणताही नियम केला नव्हता. सुरांबरोबर वस्त्रही मनात उतरले, एवढेच. (गरीब म्हणून नाकारला गेलेला नायक हाच त्या नाटकाचा विषय असावा, हा एक योगायोग.)

अनुकरणाखेरीज दुसरे कारण शरीराच्या हालचालीत आहे. 1935 साली लिऑन ॲबी ह्या अमेरिकन कृष्णवर्णीय वादकाचा जाझ वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला; पुढे चिक चॉकलेट ह्या नावाने गाजलेल्या गोमंतकीय वादकाचा ट्रम्पेटही तेथे घुमला. जोडीने करावयाच्या त्या नृत्याला गुळगुळीत लाकडी जमीन लागे, आणि तिच्यावर घसरत फिरण्यासाठी चामडी तळव्याचा बूट सोयीचा पडे. चप्पल अशा वेळी पायातून निसटावयाचीच. बुटाच्या सक्तीमागे साहेबी प्रतिष्ठा होती खरी, पण सोयही होती. पुढे डिस्को आले. आरशांच्या फिरत्या गोलावरून प्रकाशाचे कवडसे पडू लागले, आणि ते झेलणारी टिकल्यांची, चकाकणारी वस्त्रे आपोआप पुढे आली.

डिस्कोने आणखी एक गोष्ट रूढ केली : दाराशी माणूस पाहून निवडण्याची. न्यूयॉर्कच्या ‘स्टुडिओ 54’च्या दारावरून 1977 सालच्या अखेरच्या रात्री नाइल रॉजर्स व बर्नार्ड एडवर्ड्‌स ह्यांना परत पाठवण्यात आले. ज्यांचे संगीत आत वाजवले जाई, तेच बाहेर राहिले! त्या रात्रीच्या संतापातून त्यांनी रचलेले ‘ल फ्रीक’ हे गाणे 1978 मध्ये जगभर गाजले, आणि अशाच नृत्यगृहांतून लोक त्यावर नाचले.

रॉक संगीताचा रिवाज ह्याच्या उलटा. 17 मार्च 2007 रोजी ‘आयर्न मेडन’ हा इंग्रज वाद्यवृंद बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्‌सवर वाजला. अशा मैफलींना काळा टी-शर्ट हा श्रोत्यांनीच स्वतःला लावून घेतलेला गणवेश असतो. गर्दीत घामाघूम होणाऱ्याला तो सोसतोही. खेळाच्या बुटांची कथा अशीच. 1986 साली ‘रन डीएमसी’ ह्या न्यूयॉर्कच्या त्रयीने आपल्या बुटांवरच गाणे केले. रस्त्यावरच्या पोरांचा म्हणून तो बूट पुष्कळ नृत्यगृहांच्या दाराशी अडवला जाई. पुढे त्याची किंमत चढत गेली तसा दारावरचा विरोध मावळला, असे मला वाटते.

चप्पल मात्र अजून बाहेरच आहे. लाकडी जमिनीवरचे ते नृत्य आता कोणी करीत नाही. नियम तेवढा उरला, आणि तो माणसे वेगळी काढण्याच्या कामी येऊ लागला. ही नजर नृत्यगृहापुरतीही राहत नाही. जुलै 2024 मध्ये ह्याच शहरात मागडी रस्त्यावरील एका मोठ्या बाजारसंकुलाने धोतर नेसलेल्या वृद्ध शेतकऱ्याला प्रवेश नाकारला. त्यावर शासनाने ते संकुल सात दिवस बंद ठेवले.

आणि चप्पल म्हणजे तरी काय? कोल्हापुरी चपलांना 2019 साली जे भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर ह्यांच्या जोडीला कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर हे जिल्हेही आहेत. जून 2025 मध्ये ‘प्राडा’ ह्या इटालियन पेढीने मिलान येथे त्याच घडणीच्या चपला आपल्या पुरुषवेषांच्या प्रदर्शनात मांडल्या. बेळगावकडचा एखादा कारागीर स्वतः शिवलेला जोड घालून इंदिरानगरच्या त्या दाराशी आला, तर पाटीच्या लेखी त्या चपलाच.