‘ताई, तुमच्यासाठी म्हणून साडेचारशे!’

‘अजून भवानी झाली नाही, ताई. तुमच्या हातून होऊ दे.’ तुळशीबाग असो, फॅशन स्ट्रीट असो की लिंकिंग रोड, हे वाक्य तुम्ही ऐकलंच असेल. सकाळी दहाला ऐकलं असेल तर ठीक. पण संध्याकाळी सातला?

नवं शहर, होस्टेलचा खर्च आणि महिन्याच्या वीस तारखेलाच रिकामा होणारा खिसा. अशा वेळी घासाघीस येणं ही चैन नाही, गरज आहे. पण ‘सांगतील त्याच्या निम्म्याला मागायचं’ हा एकच मंत्र सगळीकडे चालत नाही.

पहिला आकडा कुणाचा?

टॉपचे आठशे सांगितले की आपलं डोकं आठशेभोवतीच फिरायला लागतं. साडेचारशेत मिळाला की आपण खूश. मुळात तो साडेचारशेचा तरी होता का, हा प्रश्न पडतच नाही. याला मानसशास्त्रात ‘अँकरिंग’ म्हणतात. एमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन यांनी १९७४ मध्ये यावरचा एक भन्नाट प्रयोग मांडला. लोकांसमोर एक चक्र फिरवलं, ते मुद्दाम १० किंवा ६५ या आकड्यांवरच थांबायचं. मग विचारलं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के? १० पाहिलेल्यांचा मधला अंदाज २५ आला, ६५ पाहिलेल्यांचा ४५! चक्राचा आणि आफ्रिकेचा काडीचाही संबंध नव्हता, तरी आकड्याने आपलं काम केलं.

यावर उपाय साधा आहे. भाव विचारण्याआधी स्वतःचा आकडा ठरवा. तीन-चार दुकानं नुसती फिरून या, मग बोला.

गाव तशी रीत

पुढे शिकायला किंवा फिरायला परदेशी जाणार असाल, तर हे वाचाच. जपानमध्ये एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, १६७३ मध्ये सुरू झालेल्या ‘एचिगोया’ या कापड दुकानाने रोख पैसे आणि सगळ्यांना एकच भाव ही पद्धत रुजवली. आपल्या ‘फिक्स रेट’च्या पाटीचा हा जपानी पूर्वजच म्हणा ना! तिथल्या मोठ्या दुकानात आज घासाघीस केलीत तर समोरचा अवघडून जाईल. इराणमध्ये उलटच गंमत. दुकानदार आधी पैसे घ्यायलाच नको म्हणेल. तो ‘तारोफ’, म्हणजे शिष्टाचार. फुकट मिळालं म्हणून वस्तू उचलून निघायचं नसतं, आपण आग्रहाने पैसे द्यायचे असतात. मोरोक्कोच्या बाजारात पुदिन्याचा चहा येईल, गप्पा होतील, भाव हळूहळू उतरेल. पण तुम्ही सांगितलेल्या भावाला तो ‘घ्या’ म्हणाला, तर मागे फिरणं अपमानाचं.

हा शेवटचा नियम आपल्याकडेही आहे, बरं का. घ्यायचंच नसेल तर आकडा तोंडातून काढू नका. आणि आपल्याकडच्या सगळ्या सौद्यांना आवाज असतोच असं नाही. गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायची जुनी पद्धत आहे. शेजारी उभ्या माणसालाही पत्ता लागत नाही!

शेवटचा पीस, ऑनलाइन

आता मोबाइल उघडा. ‘फक्त २ शिल्लक’, ‘ऑफर ०९:५९ मिनिटांत संपणार’. ओळखीचं वाटतंय? हा तोच ‘शेवटचा पीस आहे, ताई’. फरक एवढाच, की दुकानदाराचा चेहरा वाचता येतो, अ‍ॅपचा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा फसव्या रचनांविरुद्ध, म्हणजे ‘डार्क पॅटर्न्स’विरुद्ध, मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली. त्यात १३ प्रकार दिले आहेत. खोटी घाई करणं, न विचारता कार्टमध्ये काहीतरी टाकणं, पैसे भरताना शेवटच्या स्क्रीनवर जादा शुल्क दाखवणं, ‘नको, मला बचत करायची नाही’ असं बटण देऊन लाजवणं, हे सगळं त्यात येतं. असं काही दिसलं तर स्क्रीनशॉट काढा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार करा.

पाठ फिरवायची युक्ती इथेही चालते. कार्टमध्ये वस्तू ठेवून दोन दिवस थांबा. कधी कधी कूपन आपोआप येतं. नाही आलं, तर ती वस्तू खरंच हवी होती का, हे तरी कळतं.

आणि ‘एमआरपीवर ५० टक्के सूट’ वाचून हुरळू नका. छापील किंमत ही सर्व करांसह कमाल किंमत. त्याहून जास्त घेता येत नाही, कमी कितीही घेता येते. तुमच्यासाठी तोही एक अँकरच!

कुठे थांबायचं?

आपण अ‍ॅपचं वीस रुपयांचं ‘कन्व्हिनियन्स शुल्क’ निमूट भरतो आणि मंडईत कोथिंबिरीच्या जुडीवर पाच रुपयांसाठी मावशींशी वाद घालतो. मावशींची जुडी संध्याकाळपर्यंत सुकते, मग तिला कुणी विचारत नाही. अ‍ॅपच्या शुल्काला मात्र सुकण्याची भीती नाही. पुढच्या वेळी घासाघिशीला तोंड उघडाल, तेव्हा समोर कोण आहे ते एकदा बघा.