पत्र्याला दिशा असते

चेन्नईच्या पश्चिमेला, श्रीपेरुंबुदूरजवळच्या इरुंगट्टुकोट्टई इथून १९९८ मध्ये ह्युंदाईची सँट्रो बाजारात आली. आज हा सारा पट्टा मोटारींचा आहे. इथल्या प्रेस शॉपमध्ये जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा सपाट पत्रा डायवर ठेवतात, प्रेस खाली येतो आणि क्षणात दरवाजाचा खोलगट सांगाडा तयार होतो. इतका ताणूनही पत्रा फाटत कसा नाही? पोलादात काय काय मिसळलं आहे, यावरून अर्धंच उत्तर मिळतं. बाकीचं उत्तर त्यातल्या स्फटिकांच्या दिशेत असतं.

खोलीच्या तापमानाला लोखंडाचे अणू घनाच्या आठ कोपऱ्यांवर आणि एक मधोमध, असे बसतात. पत्र्यातल्या असंख्य कणांपैकी प्रत्येकाचा घन वेगळ्या कलाने वळलेला असतो. पुष्कळ घन एकाच कलाने वळले की त्याला टेक्स्चर म्हणतात.

ते घडतं रोलिंगमध्ये. सुमारे १२०० अंशांना तापवलेला पोलादाचा जाड ठोकळा, म्हणजे स्लॅब, आधी गरम असताना लाटतात. मग थंड रोलिंगमध्ये जाडी आणखी ७०-८० टक्के उतरवतात. पोळी लाटताना आपण ती फिरवत राहतो. पत्र्याची लांब गुंडाळी, म्हणजे कॉइल, मात्र शेवटपर्यंत एकाच दिशेने लाटली जाते. स्फटिकाला ठरावीक दिशांनीच घसरता येतं, आणि घसरता घसरता तो वळतो. यातून कणांचे दोन मोठे गट पडतात. एकात घनाच्या पृष्ठाचा कर्ण रोलिंगच्या दिशेला लागतो. दुसऱ्यात घनाचा आरपार कर्ण पत्र्यावर काटकोनात उभा राहतो. मोटारवाल्यांना हवा असतो तो हा दुसरा गट: असा पत्रा ओढला की रुंदीत आकसतो, जाडी मात्र टिकवून धरतो.

पुढे ॲनीलिंगमध्ये, म्हणजे लाटलेला पत्रा ७०० ते ८५० अंशांना पुन्हा तापवताना, नवे कण जन्मतात. दुसऱ्या गटात विकृतीची ऊर्जा जास्त साठलेली असल्याने ते तिथेच आधी उगवतात. सुटा कार्बन आणि नायट्रोजन यात खोडा घालतात. म्हणून कार्बन ०.००५ टक्क्याच्या खाली आणून उरलेला टायटॅनियम किंवा नायोबियमने बांधून टाकतात.

ओढलेला पत्रा जाडी किती टिकवतो, याचं मोजमाप लँकफर्ड या संशोधकाने १९५० मध्ये दिलं: पट्टी ओढायची आणि रुंदीतल्या विकृतीला जाडीतल्या विकृतीने भागायचं. दिशाहीन पत्र्यात उत्तर १ येतं, उत्तम पत्र्यात १.८ च्या वर. मात्र कोणत्या बाजूने ओढलं यावर ते बदलतं. गोल चकतीचा पेला ओढून पाहावा. काठ सरळ न येता त्याला चार कान फुटलेले दिसतात. ते कापून टाकावे लागतात, म्हणजे तेवढा माल भंगारात.

ट्रान्सफॉर्मरचं गणित वेगळं. त्याच्या पत्र्यात चुंबकत्वासाठी घनाची कड रोलिंगच्या दिशेला असावी लागते. नॉर्मन गॉसला १९३४ मध्ये अशाच पत्र्याचं पेटंट मिळालं.

स्फटिकांच्या या दिशा क्ष-किरणांनी किंवा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने मोजतात. पवईच्या आयआयटीत त्यासाठी राष्ट्रीय सुविधा आहे, आणि मोटारींचा पत्रा बनवणारा पोस्कोचा कारखाना रायगडातल्या विळे-भागाडला. प्रेस शॉपमध्ये तेल वाढवता येतं, दाब बदलता येतो. स्फटिकांचा कल तिथे वळवता येत नाही. म्हणून चेन्नईत पत्रा फाटू लागला, की डाय तपासून झाल्यावर पत्र्याच्या कारखान्यातून रोलिंग आणि ॲनीलिंगच्या नोंदीही मागवाव्या लागतात.