ससूनचा निवारा

खारदांड्यात ससून म्हणजे मासळी. आपल्या होड्यांना फारसं काही लागलं नाही की दांड्याच्या कोळणी पहाटेच्या काळोखात कुलाबा गाठतात, ससून डॉकच्या ओल्या फरशीवर लिलावात उतरतात आणि बर्फ घातलेल्या पाट्या टेम्पोत चढवून बाजाराच्या वेळेला परततात. हा ससून कोण, असं त्या घाईत कुणी विचारत नाही. गोदी १८७५ मध्ये बांधली ती अल्बर्ट ससून यांनी. त्यांचे वडील डेव्हिड ससून यांनी पुण्यात एक घर उभं केलं, आणि हा लेख त्या घराचा आहे.

डेव्हिड ससून बगदादचे ज्यू. जन्म १७९२ चा. तिथल्या पाशाच्या जाचाला कंटाळून बाहेर पडले आणि १८३२ च्या सुमारास मुंबईत आले. कापूस, सूत आणि अफू यांवर त्यांची पेढी वाढली. चीनला अफू पाठवून मिळवलेल्या पैशाला दानधर्माचा मुलामा देऊन तो उजळत नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पण त्या पेढीत एक रिवाज होता: होणाऱ्या प्रत्येक व्यवहारामागे पाव टक्का धर्मादायासाठी बाजूला पडायचा. आपल्याकडच्या जुन्या व्यापाऱ्यांच्या चोपडीत धर्मादायाचं खातं असे, तसाच हा प्रकार. मालकाला त्या दिवशी दया येवो न येवो, रक्कम काढली जायचीच. ज्यू धर्मात ज्याला त्झेदाका म्हणतात ते असंच असतं, मनाच्या लहरीवर न सोडलेलं कर्तव्य.

त्या पैशातून काय काय झालं ते मुंबई-पुणेकर रोज पाहतात. माहीमची डेव्हिड ससून औद्योगिक शाळा दांड्यापासून फार लांब नाही. गुन्ह्यात सापडलेल्या मुलांना तुरुंगाऐवजी हातात कसब द्यावं म्हणून ती १८५७ मध्ये निघाली. पुण्याचं ससून रुग्णालय १८६७ चं. आणि त्याच्याच आगेमागे, १८६० च्या दशकात, पुण्यात निघालं ते डेव्हिड ससून अनाथ पंगू गृह. आज पुणेकर त्याला नुसतं ‘निवारा’ म्हणतात.

नवी पेठेत, वैकुंठ स्मशानभूमी आणि पत्रकार भवनाच्या परिसरात ही संस्था आहे. पुण्यातल्या कार्यकर्त्यांना तिचं सभागृह पाठ आहे. किती चळवळींच्या बैठका, किती पुस्तकांची प्रकाशनं तिथे झाली असतील! पण सभागृहाच्या पलीकडे निराधार वृद्धांचा संसार चालतो. नावाप्रमाणे हे घर ज्यांना कुणी नाही आणि ज्यांच्या अंगात कमावण्याची ताकद नाही, अशांसाठी होतं. लंगडा, आंधळा, अंथरुणाला खिळलेला माणूस त्या काळी एक तर घरच्यांच्या जिवावर जगायचा, नाही तर देवळाच्या पायरीवर. दात्याने आपल्या जातभाईंपुरतं दार उघडलं नाही, हे मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पुण्यात ज्यू कुटुंबं मूठभर होती. निवाऱ्याची गरज होती ती इतरांना.

स्वतः डेव्हिड ससून नोव्हेंबर १८६४ मध्ये पुण्यातच वारले. लाल देवळाच्या, म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉगच्या आवारात त्यांची समाधी आहे.

आता खटकणारी बाजू. असं घर माणसाला छप्पर देतं, जेवण देतं, पण गावापासून बाजूलाही ठेवतं. एकोणिसाव्या शतकातल्या बहुतेक दात्यांची कल्पना एवढीच होती. खुद्द ज्यू परंपरेतही हा पेच जुना आहे. बहिऱ्याला शिव्या देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नका, अशी आज्ञा तोरा या ज्यू धर्मग्रंथात आहे. पण त्याच ग्रंथात, अंगात व्यंग असलेल्या पुरोहिताने वेदीवर अर्पण करू नये, असंही आहे. सिनेगॉगमध्ये सेफेर तोरा, म्हणजे तोराची हस्तलिखित गुंडाळी, चर्मपत्रावरून बघूनच वाचायची, पाठ म्हणायची नाही. म्हणजे डोळे नसलेल्याने वाचकाचा मान मिळवायचा कसा? वाचनाचा चौथरा, आपले मराठी बोलणारे बेने इस्रायल ज्यू त्याला तेवा म्हणतात, तो उंच. चार पायऱ्या चढल्याशिवाय तिथे पोचता येत नाही. प्रार्थनेला दार उघडं आणि मानाच्या जागेला पायऱ्या, असा तो मामला.

विसाव्या शतकापासून ज्यू दानाचा रोख हळूहळू या पायऱ्यांकडे वळला. न्यूयॉर्कमध्ये १९३१ मध्ये ज्यू ब्रेल संस्था निघाली आणि हिब्रू प्रार्थना बोटांनी वाचता येऊ लागल्या. बोस्टनच्या रुडरमन कुटुंबाचं प्रतिष्ठान २००२ चं. त्यांनी नवं आश्रमगृह काढण्यापेक्षा अपंग मुलं नेहमीच्या ज्यू शाळांत बसावीत, मोठ्यांना नोकऱ्या मिळाव्यात यावर पैसा घातला. २०१६ मध्ये त्यांनी अमेरिकी दूरचित्रवाणीची झाडाझडती घेतली, तर गाजलेल्या मालिकांतल्या ९५ टक्क्यांहून जास्त अपंग पात्रांच्या भूमिका धडधाकट नट करत होते. दानशूरांनी असल्या गोष्टीत नाक खुपसणं काहींना चोंबडेपणा वाटेल. मला ते योग्य वाटतं. मायमोनिदेस या बाराव्या शतकातल्या पंडिताने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. त्यांत सर्वांत वरची आहे ती कर्ज देऊन, भागीदारीत घेऊन किंवा काम देऊन माणसाला स्वतःच्या पायावर उभं करण्याची. त्या हिशेबाने माहीमची शाळा वरच्या पायरीवर बसते आणि निवारा खालच्या.

पण हा हिशेब खारदांड्यात लावून बघा. कोळीवाड्याच्या गल्ल्यांत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला टेकायचं. घराला ओटा, ओट्याला उंच पायरी, वरच्या माळ्यावर जायला लोखंडी शिडी. चाकाची खुर्ची इथे वळतच नाही. तरीही पायाने अधू माणूस कोळ्याच्या घरात रिकामा बसलेला नसायचा: जाळ्यांची डागडुजी, कोळंबी सोलणं, सुक्या मासळीची निवड ही सगळी बसून करायची कामं. सामावून घेणं हा शब्द कुणी वापरत नव्हतं, काम मात्र मिळत होतं. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा अपंगत्वाचे २१ प्रकार मोजतो, शिक्षण आणि नोकरीतला वाटा सांगतो, सार्वजनिक इमारतींत सुलभता सक्तीची करतो. कोळीवाड्याच्या गल्लीची रुंदी त्याच्या आवाक्यात येत नाही.

आणि घरच नसेल तर? रॅम्प बांधून, राखीव जागा ठेवून निराधार म्हाताऱ्याच्या रात्रीच्या अंथरुणाचा प्रश्न सुटत नाही. म्हणून नवी पेठेतलं ते घर जुन्या विचाराचं म्हणून मोडीत काढायला माझं मन धजत नाही. ससूनांचे वंशज केव्हाच इंग्लंडला गेले, पेढी बुडाली, स्वातंत्र्याच्या सुमारास वीसएक हजार असलेले बेने इस्रायलही बहुतेक इस्रायलला निघून गेले. निवारा चालतो तो आता इथल्याच लोकांच्या देणग्यांवर आणि कष्टांवर. नव्या दात्याला तिथे करण्याजोगं पुष्कळ आहे, आणि सुरुवात तिथल्या रहिवाशांना दुपारचा वेळ कसा घालवायला आवडेल हे विचारण्यापासून करता येईल.