थर्मोस्टॅट बंद पडला? आधी बेसमेंटमध्ये जा

न्यू जर्सीत, एडिसनला लेकीकडे होतो. जानेवारीतली सकाळ, बाहेर बर्फ साचलेलं आणि घरातही पांघरुणाबाहेर पाय काढू नये असा गारठा. पॅसेजमधल्या भिंतीवरचा स्मार्ट थर्मोस्टॅट पाहिला, तर पडदा काळाठिक्कर. "बाबा, हा गेला बहुतेक. नवाच मागवतो," जावई म्हणाले. माझं आयुष्य विजेच्या कामात गेलेलं. म्हटलं, "थांबा जरा. याच्यापर्यंत वीज येतेय का, ते आधी बघू."

आपल्याकडे खोलीगणिक एसी आणि ज्याचा त्याचा रिमोट. तिकडे पुष्कळ घरांत बेसमेंटमध्ये किंवा माळ्यावर एकच फर्नेस असते. तिची गरम हवा डक्टमधून घरभर खेळते आणि उन्हाळ्यात त्याच डक्टमधून एसीची गार हवा येते. कधी सुरू व्हायचं, कधी थांबायचं, हे तिला थर्मोस्टॅट सांगतो.

पूर्वी हे काम अगदी साध्या वस्तूने होई. हनीवेलचा 1953 चा गोल टी-87 अजूनही काही भिंतींवर दिसतो. आत दोन धातूंच्या पट्टीची गुंडाळी आणि काचेच्या कुपीत पाऱ्याचा थेंब. गारवा वाढला की गुंडाळी वळायची, कुपी कलंडायची, पारा दोन टोकं जोडायचा आणि फर्नेस पेटायची. हा निव्वळ स्विच. त्याला स्वतःला वीज लागत नसे. म्हणून नुसत्या हीटिंगच्या जुन्या घरांत भिंतीतून दोनच तारा आणलेल्या असत. 2011 मध्ये नेस्ट आला आणि भिंतीवर छोटा संगणकच बसला. पडदा, सेन्सर, वायफाय. त्याला चोवीस तास वीज हवी. घर जुनं, तारा मोजक्या आणि पोसायचं तोंड नवं. विजेच्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथे आहे.

फर्नेसमधला ट्रान्सफॉर्मर घरातली 120 व्होल्ट वीज 24 व्होल्टवर आणतो. आर ही तार ती वीज वर थर्मोस्टॅटपर्यंत आणते. थर्मोस्टॅटने आर आणि डब्ल्यू जोडले की उष्णता, वाय जोडला की गारवा, जी जोडला की पंखा. सी म्हणजे कॉमन, वीज परत नेणारी तार. ती असली तर थर्मोस्टॅटला अखंड वीज मिळते. ती नसली तर काही थर्मोस्टॅट डब्ल्यू किंवा वायच्या वाटेने थोडीथोडी वीज ओढून आपली बॅटरी भरतात. काही फर्नेसना हे चालतं. काहींचा कंट्रोल बोर्ड त्या इवल्या प्रवाहालाच हुकूम समजतो. मग रिले टकटकतो, पंखा मध्येच फिरतो, बॅटरी मात्र उतरतच जाते. अशा वेळी थर्मोस्टॅट काढून भिंतीच्या भोकात नीट पाहावं. पुष्कळदा एखादी न वापरलेली तार मागे गुंडाळून ठेवलेली सापडते. ती फर्नेसच्या बोर्डवर सी ला जोडली की काम झालं. तार नसेलच, तर 24 व्होल्टचा वेगळा ट्रान्सफॉर्मर मिळतो.

लेकीच्या घरी सी तार होती, व्यवस्थित जोडलेली. म्हणून आम्ही खाली गेलो. आदल्या संध्याकाळी जावयांनी फर्नेसचा फिल्टर बदलला होता. समोरचं पत्र्याचं झाकण डाव्या बाजूने बोटभर बाहेर राहिलं होतं. झाकणामागे एक बटण असतं. झाकण उघडं असताना फर्नेस चालू नये म्हणून ते सगळी वीज तोडतं. झाकण खालच्या खाचेत बसवून वरून दाबलं. टक् असा आवाज झाला, बोर्डवरचा दिवा लुकलुकला आणि वरून नातीची हाक आली, "आजोबा, लागला!" नवा थर्मोस्टॅट आणला असता, तर तोही काळाच राहिला असता.

झाकण ठीक असेल तर पुढे ब्रेकर आणि फर्नेसजवळचा स्विच पाहावा. तो दिव्याच्या स्विचसारखाच दिसतो आणि कुणीतरी चुकून बंद करतं. मग बोर्डवरचा फ्यूज. गाडीत असतो तसला, जांभळा 3 अँपिअरचा किंवा बदामी 5 अँपिअरचा. थर्मोस्टॅट बसवताना वीज बंद केली नाही आणि आर तार सी ला टेकली, तर तो जातो. उन्हाळ्यात वेगळीच गोष्ट घडते. एसीच्या पाण्याची नळी शेवाळाने तुंबते, ट्रेमध्ये पाणी चढतं आणि तरंगता स्विच वीज तोडतो. वरचा पडदा काळा होतो, पण खरं काम नळी साफ करण्याचं असतं.

कधी दोष खरोखर थर्मोस्टॅटचा असतो. जानेवारी 2016 मध्ये नेस्टच्या सॉफ्टवेअरमधल्या चुकीने बॅटऱ्या उतरल्या आणि ऐन थंडीत लोकांची घरं गारठली. तेव्हा नेस्ट असेल तर सेटिंगमध्ये बॅटरीचा आकडा पाहावा. तो 3.6 व्होल्टच्या खाली गेला, तर वीज पुरेशी मिळत नाही असं समजावं. काही मॉडेल मागच्या यूएसबीतून तास-दोन तास चार्ज करून तात्पुरती चालवता येतात.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. भिंतीतून जाड तारा निघाल्या किंवा 120, 240 व्होल्ट असं लिहिलेलं दिसलं, तर हात लावू नका. ती बेसबोर्ड हीटरची व्यवस्था असते. तिथे हे थर्मोस्टॅट चालत नाहीत आणि धक्का जिवावर बेतू शकतो. तिथे इलेक्ट्रिशियनच हवा.

डिसेंबरच्या सुट्टीत आपली किती तरी माणसं तीन-चार आठवड्यांसाठी भारतात येतात. मागे थर्मोस्टॅट बंद पडला, तर घर गारठतं आणि नळ गोठून फुटतात. म्हणून निघण्यापूर्वी फर्नेसचं झाकण दाबून पाहा, बॅटरीचा आकडा बघा, तापमान 55 फॅरनहाइटच्या खाली ठेवू नका. आणि घराची एक किल्ली शेजाऱ्यांकडे देऊन या.