मराठी कथेतील सत्याचा क्रमशः उलगडा : ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ आणि ‘स्वामी’ यांचा तौलनिक विचार

प्रस्तावना :

रहस्य म्हटले की मराठी वाचकासमोर प्रथम बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड उभे राहतात. पुढे नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या लेखनाने गूढकथेला मोठा वाचकवर्ग मिळवून दिला. त्यामुळे रहस्य हा केवळ या कथाप्रकारांचा गुण आहे, असा समज रूढ झाला. वस्तुतः वाचकाला सत्य केव्हा, कोणत्या क्रमाने आणि कोणाकडून कळावे, हा प्रत्येक कथेपुढील प्रश्न आहे.

१९७३ साली यवतमाळ येथे ग. दि. माडगूळकर यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. त्याच वर्षी जी. ए. कुलकर्णी यांच्या ‘काजळमाया’ला साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला. पुढील वर्षी जयंत नारळीकर यांनी टोपणनावाने पाठविलेली ‘कृष्णविवर’ ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पारितोषिकपात्र ठरली. एक नियतीचा भाष्यकार, तर दुसरा खगोलशास्त्रज्ञ. या दोघांच्या प्रत्येकी एका कथेतील सत्योद्घाटनाची पद्धती तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

विषय विवेचन :

दोन्ही कथांचा प्रारंभ प्रवासाशी निगडित आहे. नारळीकरांचे गंगाधरपंत हे इतिहासाचे प्राध्यापक पुण्याहून मुंबईला निघतात. ‘पिंगळावेळ’ (१९७७) या संग्रहातील ‘स्वामी’ या कथेत प्रवासात अडलेला एक सामान्य मनुष्य रात्रीच्या आसऱ्यासाठी मठात येतो. परिचित जग मागे पडणे ही रहस्याची पहिली पायरी दोघांनीही सारख्याच सहजतेने बांधली आहे. यानंतर मात्र वाटा वेगळ्या होतात.

गंगाधरपंतांना सत्य पुराव्यांतून कळते. मुंबईत इंग्रजांचा अंमल अद्याप कायम असल्याचे दिसते. मुलाची चौकशी केली असता त्या नावाचा कोणीही तेथे नसल्याचे कळते. मग इतिहासकाराच्या स्वभावानुसार ते ग्रंथालय गाठतात आणि स्वतःच लिहिलेले इतिहासाचे खंड उघडतात. आधीच्या खंडांत काहीच बदललेले नाही. शेवटचा खंड ते दोन्ही टोकांकडून आत वाचत जातात आणि नेमक्या वळणावर येऊन थांबतात : १४ जानेवारी १७६१ च्या पानिपतच्या युद्धात विश्वासरावांना गोळी लागलेलीच नाही. शोधाची ही रीत संशोधकाची आहे. येथे वाचक आणि नायक यांचे ज्ञान बरोबरीने वाढते. वाचकापासून लेखकाने काही दडविले आहे, असे जाणवत नाही.

‘स्वामी’मध्ये सत्य सौजन्याच्या आवरणाखाली येते. स्वागत, भोजन, मुक्कामाची सोय यांपैकी एकही गोष्ट स्वतंत्रपणे संशयास्पद नाही. परंतु प्रत्येक सोयीबरोबर नायक थोडा अधिक आत, थोडा अधिक खाली जातो. त्याला स्वामीपद बहाल करण्यात आले असून आता भूमिगत खोलीतून बाहेर पडता येणार नाही, हे उघड होते तेव्हाही बोलण्यातील आदर कमी झालेला नसतो. केवळ दार बंद झालेले असते. चित्रपट दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी धक्का आणि उत्कंठा यांत केलेला भेद येथे उपयोगी पडतो. टेबलाखाली बॉम्ब आहे हे केवळ प्रेक्षकाला ठाऊक असले की उत्कंठा निर्माण होते. नायक निश्चिंत असताना वाचक अस्वस्थ होत जातो, तो याच कारणाने.

दोन्ही कथांतील निर्णायक वस्तूही तुलना करण्याजोग्या आहेत. गंगाधरपंतांच्या खिशात राहिलेले बखरीचे पान त्यांच्या विलक्षण अनुभवाची साक्ष देते. कालिदासाच्या शाकुंतलातील अंगठीप्रमाणे ते अभिज्ञानाचे, म्हणजे ओळख पटविणाऱ्या खुणेचे, कार्य करते. त्याच्या आधारे राजेंद्र देशपांडे हा शास्त्रज्ञ घटनेचा वैज्ञानिक अर्थ लावतो. ‘स्वामी’तील वेल मात्र कशाचाही पुरावा नाही. हवा येण्याच्या मार्गातून नायक तिला प्रकाशाकडे जाऊ देतो. तो मार्ग वेलीने व्यापला की त्याचा श्वास थांबणार, हे त्याला ठाऊक आहे. येथे सत्याचे स्पष्टीकरण मिळत नाही. सत्य कळल्यावर माणूस काय निवडतो, एवढेच दिसते.

यातून एक महत्त्वाचा फरक हाती येतो. नारळीकरांच्या कथेत ज्ञान वाढते तसा गोंधळ कमी होतो, आणि नायक आपल्या जगात परत येतो. जी. एं.च्या कथेत ज्ञान वाढते त्याच प्रमाणात सुटकेची शक्यता घटते. सत्य पूर्णपणे कळते तेव्हा त्यावर कृती करण्याची वेळ निघून गेलेली असते. म्हणून पहिली कथा ‘हे कसे घडले?’ या प्रश्नाकडे नेते, तर दुसरी ‘हे ओळखायला उशीर का झाला?’ असे विचारते. दुसरा प्रश्न मठापुरता मर्यादित राहत नाही. सन्मान देत देत माणसाचे स्वातंत्र्य काढून घेणारी कोणतीही व्यवस्था त्याच्या कक्षेत येते.

निष्कर्ष :

१. रहस्य हे विशिष्ट कथाप्रकाराचे वैशिष्ट्य नसून माहितीच्या क्रमाचे तंत्र आहे.

२. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये सत्य पुरावा, तर्क आणि स्पष्टीकरण या क्रमाने सिद्ध होते, ‘स्वामी’मध्ये ते सोय, संशय आणि कोंडी या क्रमाने भोगावे लागते.

३. पदवी स्तरावर कथा शिकविताना केवळ शेवट सांगण्याऐवजी ‘हे वाचकाला कोठे कळले आणि पात्राला कोठे?’ हा प्रश्न परिच्छेदागणिक विचारल्यास विद्यार्थ्यांना कथेची रचना आपोआप दिसू लागेल. शेवट ठाऊक असूनही या कथा पुन्हा वाचाव्याशा वाटतात. त्यांचे सामर्थ्य उत्तरात नसून उत्तराकडे नेणाऱ्या वाटेत आहे, हेच त्यावरून स्पष्ट होते.